न चाखणारी स्वयंपाकीण

दुधाचं पातेलं मी अर्धंच घासलं होतं. बुडाला दूध लागलं होतं, आणि लागलेलं दूध म्हणजे हट्टी माणूस. वरवरचं निघतं, तळाचं हलत नाही. चमच्याच्या पाठीने खरवडत होते, तेवढ्यात हे डेपोतून जेवायला आले आणि हात न धुताच सांगायला लागले. उद्यापासून माझ्या नणंदेला कँटीनच्या खिडकीत सगळ्यांसमोर उभं राहून पहिली थाळी खावी लागणार. नाही खाल्ली तर नोकरी जाणार. नोकरीबरोबर कँटीनमागची खोलीही जाणार. खोली गेली की ती कुठे येणार, ते काही यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी पातेल्यात पाणी ओतलं, ते मोरीत भिजत ठेवलं आणि यांना वाढलं.

मला ती आवडत नाही, हे आधीच लिहून टाकते. रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या बाईने वहीत खोटं लिहू नये.

माझी नणंद बस डेपोच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. हे तिथेच टायर विभागात. यांच्याच शब्दावर ती लागली. बाई उंच, रुंद खांद्यांची, हातांवर कोपरापर्यंत तेलाच्या शिंतोड्यांचे डाग. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, दिवसभर एवढ्या पुरुषांना वाढते, आणखी एकाला घरी कशाला वाढू? बोलते कमी, पण बोलली की मिरची. मी लग्न होऊन आले तेव्हा ही शाळेत होती आणि दुधावरची साय बोटाने पळवायची. सासूबाई बिचाऱ्या मांजराच्या नावाने खडे फोडायच्या. तीच ही बाई आता माझ्याकडे आली तर चहासुद्धा घेत नाही, कारण चहात दूध.

हे खूळ शिरलं ते अंड्यांपायी. एकदा अंड्यांची गाडी आली नाही, म्हणून ही स्वतःच डेपोच्या टेंपोत बसून फार्मवर गेली. तिथे पिलं उबवायची शेड होती. निवडणारा माणूस एकेक पिलू उलटं करून बघत होता. मादी इकडे, नर तिकडे. नर अंडी देत नाही, म्हणून तो पोत्यात. तोंड बांधलेलं पोतं भिंतीशी ठेवलेलं होतं आणि ते हलत होतं. हे सगळं तिने आम्हाला कुठे सांगावं? माझ्या घरी, ताटावर, माझी धाकटी उकडलेलं अंडं सोलत असताना. पोरीने अंडं ताटात ठेवलं ते ठेवलंच. आजतागायत तिने अंड्याला हात लावलेला नाही. पोरगी आधीच काडी, त्यात हे. मी त्या दिवशी नणंदेला म्हटलं, तुला जे सोडायचं ते सोड, माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढू नकोस. ती म्हणाली, "घास मी नाही काढला, तिने ठेवला."

अंड्यावरून ती मटणावर गेली, मटणावरून दुधावर, दुधावरून मधावर. याला व्हीगन म्हणतात, असं थोरलीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. मी म्हटलं, म्हणत असतील. गाईचं दूध वासराचं असतं, असं ती मला ऐकवायची. मला, जिच्या घरी देवापुढे रोज दुधाची वाटी असते. पोरांनी तिचं नाव शेळी आत्या ठेवलं. मी त्यांना कधी रागावले नाही, आणि तिला ते माहीत होतं.

पण कँटीनमध्ये मात्र ती सगळं रांधायची. मटण, अंडी, दही घातलेल्या भाज्या, सगळं. चाखायची नाही एवढंच. मीठ बघायला मदतनीस बाईला चमचा द्यायची. ड्रायव्हर लोकांना ते खटकायचंच. मिशा नावाचा एक ड्रायव्हर आहे; नाव दुसरं असेल, पण त्याच्या मिशा त्याच्या आधी येतात. तो रोज थाळी घेताना विचारायचा, "बाई, तुम्ही जेवलात का?" मागचे खिदळायचे. एकदा कोणीतरी तिच्या डब्यात भाताखाली मटणाचा तुकडा दडवला. तिला चावल्यावर कळलं. तिने तो थुंकला, चूळ भरली आणि येऊन रांगेला वाढायला लागली. हे मला यांनी सांगितलं. मी म्हटलं, वाईट केलं. मनात म्हटलं, आता तरी हे खूळ सुटेल.

पुढे एका ड्रायव्हरचं भर रस्त्यात पोट बिघडलं. गाडी भरलेली, थांबा लांब. बिचाऱ्याला गाडी उभी करून शेतात पळावं लागलं. त्याने वाटेत आणखी कायकाय खाल्लं होतं ते देव जाणे, पण डेपोत बोललं गेलं एकच: जी स्वतः खात नाही, ती आपल्याला काय घालते कोणास ठाऊक. नव्या मॅनेजरने नियम काढला. जो रांधेल त्याने पहिली थाळी खिडकीत उभं राहून, सगळं घेऊन खायची. मदतनीस चालणार नाही. नियम म्हणून बघितला तर त्यात वावगं काही नाही, मला तो आजही पटतो.

जेवणं आटोपली तशी मी चपला घातल्या आणि थेट डेपो गाठला.

तिची खोली म्हणजे कोठीच्या पाठची पट्टी. एक खाट, एक ट्रंक, खिळ्याला ॲप्रन, खिडकीतून डिझेलचा वास. ती लसूण सोलत बसली होती. मला बघून सरकली नाही. मीच ट्रंकेवर बसले. आधी गोडीने घेतलं. म्हटलं, एक चमचा तोंडाला लाव, बाजूला जाऊन थुंक, वाटल्यास मी तुझ्यातर्फे देवाची माफी मागते. पोटासाठी माणूस काय काय करतो. आणि माझ्या घरात दोन खोल्या, पाच माणसं, एक शेगडी. तू आलीस तर दूध कुठे तापवायचं आणि तू कुठे बसायचं? ती सोलत राहिली.

मग म्हणाली, "वहिनी, देवापुढचं ताट तू चाखून ठेवतेस?"

मी म्हटलं, देवाच्या आधी तोंड लावायला मी काय वेडी आहे?

"मग मीठ कसं कळतं?"

"हाताला कळतं."

"माझ्याही हाताला कळतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा देव आणि तिचे चारचौघे मिशीवाले एका तागडीत. मी म्हटलं, "देवाला बस चालवायची नसते, वन्सं. त्याचं पोट रस्त्यात बिघडत नाही." तोंडातून गेलं आणि मी मनातल्या मनात कान धरले. ती हसली, ते मला जास्तच झोंबलं. आणि मग मी जे बोलले ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तीही रागाने अहोजाहो करत.

"तुम्हाला चाखायलाही पाप वाटतं ना? मग शिजवता कशा? रोज त्याच हातांनी कापता, फोडणी देता, एवढ्यांच्या पोटात घालता. तुम्ही चमचा तोंडात घातला काय नि नाही घातला काय, बोकडाला काय फरक पडतो?"

मी तिला ढोंगी ठरवायला निघाले होते. म्हणजे ती लाजेल, चमचा तोंडात घालेल आणि खोली टिकेल. बाकी काही माझ्या मनात नव्हतं. तिने लसणाची वाटी खाली ठेवली. माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, उशीर होतोय, संध्याकाळची भाजी टाकायची आहे. मी घरी आले. येताना वाटलं, मात्रा लागू पडली.

पातेल्याला त्या दिवशी मी हात लावला नाही. दूध दुसऱ्यात तापवलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते यांनी डोळ्यांनी पाहिलं. सगळा डेपो खिडकीपुढे जमला होता. मॅनेजर हाताची घडी घालून उभा. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर पुढे. तिने थाळी घेतली. भात घेतला, डाळ घेतली, भाजी घेतली, आणि उभ्याने, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. ताट उपडं करून दाखवलं. मिशाने चमचा ताटावर आपटला आणि मटण कुठाय म्हणून विचारलं.

"फ्रिजमध्ये," ती म्हणाली. "कच्चं आहे. ज्याला खायचंय त्याने शिजवावं."

मग गोंधळ उडाला. कोणी थाळी फेकली, कोणी आईबाप काढले. यांना बाजूला घेऊन लोक विचारायला लागले, तुमची बहीण आम्हाला गवतावर गाडी चालवायला लावणार का? यांनी मान खाली घातली. मॅनेजरने तिला दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा एकच बोलली: जे खाणार नाही ते रांधणार पण नाही, बाकीचं हवं तेवढं रांधते. तो म्हणाला, इथे कँटीन आहे, आश्रम नाही. खोली आजच रिकामी करा, कोठीचं सामान उद्या मोजून किल्ल्या द्या. एकही माणूस तिच्या बाजूने बोलला नाही. मदतनीस बाईसुद्धा नाही. तिला आता बढती मिळेल.

संध्याकाळी ट्रंक माझ्या दारात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ट्रंक यांच्या डोक्यावर, खाट मागून हातगाडीवर. हे माझ्या नजरेला नजर देईनात. धाकटी पळत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. तेही मी पाहिलं. आता घरात अंडं न खाणाऱ्या दोघी झाल्या.

ती सरळ स्वयंपाकघरात आली, शेगडी बघितली, फळ्या बघितल्या, देवाजवळची दुधाची वाटी बघितली. वाटीबद्दल काही बोलली नाही, एवढं मात्र मानायला हवं.

मी म्हटलं, सगळ्यात खालची फळी तुझी. आणि माझ्या शेगडीवर आधी दूध तापणार, मग तुझं.

"चालेल," ती म्हणाली. "एक पातेलं मला वेगळं लागेल."

मी म्हटलं, या घरातली भांडी घासूनपुसून लख्ख असतात, वेगळ्याची गरज नाही.

ती वळली आणि तिने मोरीत बघितलं. पातेलं तिथेच होतं. दोन दिवसांचं पाणी, वर पांढरट पापुद्रे तरंगताहेत, तळाला काळं तसंच.

"काल तू म्हणालीस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "तुला आनंद व्हायला हवा."

झाला नाही. मी दिवा लावायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. देवापुढे बसून मी एवढंच म्हटलं, की मला सहनशक्ती दे, आणि तिला नोकरी दे. जमल्यास आधी नोकरी.

उद्या सकाळी ती कोठीच्या किल्ल्या द्यायला डेपोत जाईल. मला भांड्यांच्या दुकानात जायचंय, एक पातेलं आणायला, झाकणासकट.