सुट्या भागांचे व्याही

व्याह्यांनी नारळ फोडला, त्यातलं पाणी उडालं आणि माझ्या सुनेच्या उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. त्यांनी ते उपरण्याच्या टोकानं टिपलं, देवाचं नाव घेतलं, आणि पूजा झालेलं अवजार लगेच चालवून बघायचं असतं म्हणून ते उभं करून, वायर लावून बटण दाबलं. आत चर्रकन वाजलं, जळक्या वायरीचा वास सुटला आणि पडदा काळा झाला तो झालाच. त्या यंत्रात गावातल्या हायस्कूलच्या सहामाही परीक्षेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका होत्या. सून दारात उभी होती, हातात झेंडूचा हार. हार तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि बापाकडं बघत राहिली. व्याही म्हणाले, "जरासं पाणी गेलं वाटतं."

जी वस्तू उघडता येते ती उघडण्यासाठीच केलेली असते, असं मानणारा दुसरा माणूस सेनगाव तालुक्यात झाला नाही. झाला असता तर दोघांनी मिळून तालुकाच उघडून बघितला असता. हे व्याही म्हणजे माझ्या थोरल्या सुनेचे वडील. राहायला साखऱ्याला, घरी कोरडवाहू शेती. पण सबंध वस्तू त्यांनी जन्मात कधी विकत घेतली नाही. त्यांची फटफटी पाच गाड्यांची मिळून झालेली होती. टाकी एकीची, चाकं दुसरीची, आणि बसायची गादी मला तरी ट्रॅक्टरची वाटायची. एकदा हिंगोलीत पोलिसानं कागद मागितले, तर यांनी उलट विचारलं, कोणत्या भागाचे दाखवू? मग एकेक भाग कुठून आणला ते सांगायला बसले. शेवटी पोलिसानंच हात जोडले आणि जा म्हणाला. घरातली बाज चार बाजांच्या पायांवर उभी होती, तिच्यावर निजलेला पाहुणा सकाळी उताराच्या अंगाला सापडायचा. लेकीच्या लग्नात वाजंत्रीसुद्धा त्यांनी जोडून आणली. सनईवाला एका गावचा, ढोलवाला दुसऱ्या, आणि ताशेवाला वारंगा फाट्यावर जीपची वाट बघत उभा होता, त्याला तिथूनच उचलला. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती आणि लग्न लागेपर्यंत झालीही नाही.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. तो ते काटेकोर पाळायचे, घरून पाण्याची बाटली घेऊन यायचे. पण पाणी न पिता आमचं भिंतीवरचं घड्याळ मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत उतरवलं. मी खुशाली विचारायला बाहेर आले तर घड्याळाचे काटे त्यांच्या टोपीत. मी म्हटलं, "व्याहीबुवा, बराबर चालत होतं ते." तर म्हणाले, "चालत व्हतं, पण काहून चालतं ते तुमाला ठाव नव्हतं." त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते कुणालाही थांबवून सांगायचे. "सबंद वस्तू इकणारा माणूस काहीतरी दडवून राहिला असतो, इहीणबाई."

सून लग्नाआधी हिंगोलीला कॉम्प्युटर शिकली होती. तिला घराच्या रस्त्याकडच्या खोलीत टायपिंगचं दुकान काढायचं होतं. मी स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत बघ. दुकान उभं राहिलं तर खोली तुझी. नाही राहिलं तर खताचा दुकानदार खोली मागतोच आहे, त्याची पोती तिथं पडतील आणि तू माझ्याबरोबर शेतात यायचं. ती बरं म्हणाली. ती कमी बोलते, त्यामुळे तिचं बरं हे खरोखर बरं आहे की नाही ते लगेच कळत नाही.

यंत्र घ्यायला सून, व्याही आणि मी असे तिघं हिंगोलीला गेलो. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एका प्रकारात सगळा कारभार पडद्याच्याच पाठीत भरलेला. खाली डबा नाही, एक वायर भिंतीत लावली की झालं. दुसरा असेंबल करून मिळणारा, म्हणजे मोकळा डबा घ्यायचा आणि त्यात एकेक भाग आपल्या मनाचा बसवून घ्यायचा. हे ऐकलं आणि व्याह्यांचा चेहरा असा उजळला की दुकानदारालाच वाटलं, गिऱ्हाईक हेच आहेत. त्यांनी मोकळ्या डब्यात डोकं घातलं आणि आतूनच बोलायला लागले. याच्यात ज्या भागाला दुखलं तोच भाग बदलायचा. त्या दुसऱ्यात एक बोट दुखलं तर सगळं अंग उचलून नांदेडला न्यावं लागंल. सून म्हणाली, खोली अरुंद आहे, एक टेबल आणि दोन खुर्च्या बसल्या की गिऱ्हाइकाला उभं राहायलाही जागा नाही. रस्त्यावर सोयाबीनची मळणी चालते, डब्याच्या भोकांतून सगळं भूस आत जाईल. शिवाय घरात उंदीर. व्याही ऐकेनात. मग ती बापाला म्हणाली, "बाबा, त्या दुसऱ्यात उंदीर जाणार न्हाई, अन् तुमी बी जाणार न्हाई."

दुकानदार हसला, ते मला आवडलं नाही. व्याही बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "आमची विहीणबाई करून आणली तवा काय सुटे भाग पाहून आणली व्हती?" ते म्हणाले, "न्हाई ना. म्हणून तर तीस वर्षं झाले, अजून समजली न्हाई."

सुनेच्या मनाचं यंत्र आलं. व्याही दर बाजारच्या दिवशी यायचे, त्याच्या पाठीवर बोटानं टकटक करायचे आणि कलिंगड पारखल्यासारखं तोंड करून जायचे. दुकान हळूहळू चाललं. अर्ज, बायोडाटा, एखादी लग्नपत्रिका. मग हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तिच्याकडं टाकल्या. हे नीट झालं तर वार्षिकच्याही तुलाच, असं म्हणाले. सून त्या आठवड्यात दोन घास खायची आणि परत जाऊन बसायची. मी खतवाल्याला जरा थांब म्हणून सांगितलं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, वखर, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीनं मांडतात आणि हळदीकुंकू वाहतात. व्याही सकाळीच हजर. सून हार आणायला बाजारात गेली होती, मी चुलीपाशी. यांनी ओसरीवर पांढरं धोतर अंथरलं, त्यावर यंत्र पालथं घातलं आणि पाठ उघडली. त्यांचं म्हणणं असं की वरच्या प्लास्टिकला कुंकू लावून काय फायदा, राबतात ते आतले. वखराची पूजा करताना आपण पासेला, म्हणजे खालच्या लोखंडी पात्याला कुंकू लावतो, पासेवर फडकं टाकून फडक्याला नाही लावत. म्हणून त्यांनी आतल्या एकेका भागाला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, त्यातल्या काही पंख्यात अडकल्या, आणि मी बाहेर ओसरीवर येते तोच दगडावर नारळ फोडला. दगड यंत्राच्या अगदी पुढ्यात होता, कारण पूजा ज्याची त्याच्याच पुढ्यात नारळ फोडायचा असतो. पुढचं मी सांगितलंच आहे.

हिंगोलीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आतला मोठा बोर्ड गेला असणार. ह्या यंत्राचा बोर्ड इथं मिळत नाही, कंपनीकडून मागवावा लागतो, महिना धरून चाला. म्हणजे व्याह्यांचं म्हणणं खरं निघालं होतं. पण ते खरं करून दाखवणारेही तेच, त्यामुळे कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. मुख्याध्यापक दसऱ्यानंतर लगेच येणार होते. व्याह्यांनी उपरणं झटकलं, फटफटीला लाथ मारली आणि निघून गेले. मी सुनेला म्हटलं, "पळाले तुझे बाबा." ती म्हणाली, "आत्याबाई, त्यायनं पाने-पेचकस इथंच ठेवले. ते येतेत."

दसऱ्याला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी जीपमधून उतरले. एका हातात पोतं आणि पोटाशी जुन्या टीव्हीएवढा पडदा, तो धरायला शेजारच्या प्रवाशालाही लावलेलं. पोत्यात डबा आणि सुटे भाग. मी विचारलं, फटफटी कुठं आहे. म्हणाले, नांदेडात, तिच्या बदल्यात हे. एवढं बोलून ओसरीवर मांडी घालून बसले आणि पाना उचलला.

सून म्हणाली, "बाबा, तुमी हात लावायचा न्हाई. तिकडं बाजेवर बसा."

ते बसले. समोर वस्तू उघडी आहे आणि यांचे हात रिकामे आहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सुनेनं भाग जोडायला घेतले. लहानपणापासून तिनं बापाशेजारी बसून वस्तू उघडताना बघितलं होतं. बसवायला ती स्वतःच शिकली होती, कारण उघडून झालं की बाप जेवायला निघून जायचे. जुन्या यंत्रातली, लिहिलेलं सगळं साठवणारी हार्ड डिस्क तिनं काढून ह्या डब्यात लावली. पडदा उजळला. पण डिस्क काही दिसेना. बाजेवरून सूचना आली की वरून एक थाप दे. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. डिस्क परत काढून उजेडात धरली. जिथं वायर बसते त्या बारीक टोकांत लाल भरलं होतं.

"बाबा, इथं बी कुंकू लावलं?"

"मुख्य तेच हाय म्हणलं, म्हणून दोनदा लावलं."

"मग पुसू का?"

आमच्याकडं कुंकू पुसणं हा शब्द तोंडातून काढत नाहीत, सणाच्या दिवसांत तर नाहीच. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. मग म्हणाले, "पूस, माय. मी म्हणून राहिलो ना."

तिनं दात घासायच्या कोरड्या ब्रशानं ते झाडलं. डिस्क लावली. मग एकेक प्रश्नपत्रिका पडद्यावर आली, गणित, इतिहास, भूगोल. ती मोठ्यानं नावं घेत गेली. व्याही विचारत होते, समद्या आल्या का, समद्या आल्या का. समद्या आल्या म्हणाली तेव्हा त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि खालच्या आवाजात विचारलं, "त्या जुन्याला आता हात लावला तर चालंल का?" असली परवानगी त्यांनी आधी कुणाची मागितली नव्हती. ती म्हणाली, घरी घेऊन जा. त्या दिवसापासून ते एसटीनं यायला लागले.

प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. दिवाळी झाली आणि खतवाल्याला मी नाही म्हणून कळवलं. सुनेनं पुढं बरीच वर्षं तोच डबा चालवला, त्यातले भाग बदलत. भूसही आत गेलं आणि एकदा उंदीरही. लोक मला विचारतात, म्हातारे, कॉम्प्युटर कोणता घ्यावा. मी चौथी शिकलेली, पण हे मला पक्कं कळतं. घरात उघडणारा माणूस असेल तर उघडता येणारा घ्यावा. नसेल तर बंद घ्यावा आणि सुखानं राहावं.

व्याही एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. आता धाकट्या सुनेकडचे पाहुणे येतात. नीट बसतात, चहा पितात, बरं आहे म्हणतात आणि जातात. घरातली कुठलीही वस्तू जागची हलत नाही. दुपार मोठी वाटते.

त्या खंडेनवमीला ओसरीवर आम्ही तिघं होतो. त्यातली सून आहे आणि मी आहे.