नव्या भागातला लोहार

ज्या गेमच्या दुसऱ्या भागाची मी दहा वर्षं वाट पाहिली, तो यंदा दसऱ्याच्या तोंडावर आला. पहिल्या तासाभरातच माझ्या लक्षात आलं की तो बनवणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात तापलेलं लोखंड पाहिलेलं नाही.

मी लोहारकाम करतो. जामखेडजवळ खर्ड्यात, चाचांच्या भट्टीवर. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांसाठी कोयते करणं हे आमचं मुख्य काम. मूळचा मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली, रस्त्याच्या कामावरच्या लोकांबरोबर इकडं आलो, टायफॉइडनं आडवा झालो, आणि ती माणसं मला स्टँडच्या बाकड्यावर ठेवून पुढच्या कामाला निघून गेली. चाचा माझे कोणी लागत नव्हते. त्यांनी घरी नेलं, महिनाभर मऊ खिचडी खाऊ घातली, मग हातात घण दिला. मी अजून 'हो जी' म्हणतो आणि ते अजून हसतात. "लेका, केस पिकाया लागले तुझे, पर त्ये 'जी' काय सुटंना." त्यांचे उपकार एवढे आहेत की मला सुखानं राहताच येत नाही. रोज वाटतं, आज माझ्या हातून काहीतरी चुकेल आणि ते म्हणतील, बाबा, आता तू तुझ्या मुलखाला जा. त्यांनी असं कधी म्हटलेलं नाही. तरी वाटतं.

तर गेम. पहिला भाग मी जामखेडच्या नेट कॅफेत पाहिला आणि पुढं त्याच्यासाठी जुना कम्प्युटर घेतला. तलवार घेऊन भटकणारा एक शिपाई, अंधारी गुहा, दलदल, पडकी देवळं. इंग्रजी मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागे, पण त्याच्यावाचून अडत नव्हतं. त्यात एक लोहार होता. त्याच्या भट्टीवर आपली तलवार आपणच घडवायची. पातं निखाऱ्यात धरलं की लाली चढत जायची, आणि बाहेर कधी काढायचं हे कोणी सांगत नसे. चुकलात तर ऐन लढाईत ती मोडायची. मोडली की गेली. चाचांनी एकदा मागं उभं राहून ते पाहिलं. "ह्यो लोहार बरा हाय," म्हणाले, "घाई करत न्हाई." माझ्याबद्दल एवढं चांगलं ते तोवर बोलले नव्हते.

आता नवा भाग ऐका. पहिली गोष्ट म्हणजे उजेड. गुहेत शिरा, रात्री फिरा, सगळीकडं लग्नाच्या मांडवासारखा झगमगाट. नायक गप्प बसतच नाही. दार दिसलं की "अरे, दार!" नदी दिसली की "पाणी दिसतंय!" आम्हाला दिसतंय की बाबा. कुठं जायचं ते जमिनीवर सोनेरी पट्टा आखून दाखवलेलं, म्हणजे चुकून कोणी हरवायला नको. राक्षस मारायच्या आधी लाल चमकून सूचना देतो, जणू तलाठ्याची नोटीस. घोड्याला शिट्टी मारली की तो भिंतीतून येतो.

आणि तो लोहार! तो आता विनोद करतो. नव्या कापडाचा एप्रन, हाताला एक चट्टा नाही, दाढीला तेल. पातं भट्टीत घातलं की पडद्यावर हिरवं कडं उमटतं. कडं पूर्ण झालं की बटण दाबा, ठिणग्या उडतात, ढोल वाजतात, तलवार तयार. उशिरा दाबा, तरी तयार. मी मुद्दाम न दाबता बसून राहिलो, तर त्यानं स्वतःच दाबलं आणि मला शाबासकी दिली.

मोबाईलवर एक जण सांगत होता की हा गेम दहापैकी नऊ आहे. मी खाली मराठीत लिहिलं की लोहार खोटा आहे. कोणीतरी हसणारी तोंडं टाकली, बस.

एवढं सगळं असूनही मी तो खेळत होतो. हे मला कबूल केलं पाहिजे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जायचं, तासभर शिव्या घालत खेळायचं आणि तिथून थेट भट्टीवर यायचं, असं दोन आठवडे चाललं.

आणि नेमकं याच वर्षी चाचांनी मला पाणी द्यायचं काम दिलं होतं. तापलेलं पातं नेमक्या रंगाला पाण्यात बुडवायचं, याला आम्ही पाणी देणं म्हणतो. कोयत्याचा सगळा जीव तिथं असतो. रंग कमी पडला तर धार दुमडते, जास्त झाला तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. पिकल्या बोराचा रंग आला की बुडवायचं, गाजराचा होऊ द्यायचा नाही. आजवर हे काम चाचांनी कोणाला करू दिलं नव्हतं. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एके सकाळी पकड माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "मला समदं तांबडंच दिसतंय. आता तूच बघ." त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं की भीतीनं ते सांगता येणार नाही.

टोळी निघायला दोन दिवस उरले असताना एक बाई आल्या. दरसाल आमच्याकडूनच कोयते नेतात. आल्या त्या बोलतच.

"काय ओ चाचा, ह्यो कोयता हाय का पापड? बाभळीच्या फाट्यावर एक घाव घातला, तर तुकडाच उडाला."

धारेत अर्ध्या नखाएवढी खाच पडली होती. चाचांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, कोयता ऐरणीच्या कडेवर ठेवला आणि हातोडीनं मोडला. मोडलेली कड माझ्यापुढं धरली. मोडीवर जाडजाड दाणे चमकत होते.

"काय दिसतंय?"

"साखर."

"व्हय. जळलं ह्ये. सकाळचं का दुपारचं?"

सकाळचा आणि दुपारचा माल वेगळा ओळखू यावा म्हणून दुपारच्या पात्यांच्या मुठीजवळ मी खूण करत असे. ह्या कोयत्यावर ती होती. दुपारचा आणखी एक मोडला, त्यातही साखर. सकाळचा मोडला, तर मोड राखेसारखी बारीक.

"दुपारी काय करतो रं तू?"

मी सांगितलं. गेम, उजेड, सगळं. चाचा म्हणाले, "उनातनं घरात आलं की क्षणभर काय दिसतं? तसंच ह्ये. डोळं दिपलेलं असलं की बोराचं गाजर झालं तरी बोरच वाटतंय. म्हनून तर भट्टी आंधारात असती, येड्या. मला वाटलं तुला ठावं हाय."

ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभा होतो, ठाऊक नसायला काय झालं? गेमवर खापर फोडावं असं फार वाटलं, पण भट्टीपुढं उभा मी होतो.

बाई कमरेवर हात ठेवून सगळं ऐकत होत्या. "म्हंजी भाऊ टीव्ही बघतो आन् आमी हात तोडून घ्यायचं व्हय?" मला मान वर करता येईना. "टीव्ही नाही जी, गेम," असं तोंडातून निघून गेलं, आणि त्या आणखीच भडकल्या. बरोबरच होतं त्यांचं.

दुपारचा विकलेला सगळा माल त्यांच्याच टोळीकडं गेला होता. मी त्यांच्याबरोबर टोळीच्या वस्तीवर गेलो आणि दारोदार फिरून खुणेचे कोयते परत मागितले. प्रत्येक दारात कारण सांगावं लागलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् खूण नसल्यालं चांगलं कशावरून?" त्याच्या दारातल्या दगडी उंबऱ्यावर बरोबर आणलेला बिनखुणेचा एक मोडून आतली बारीक मोड दाखवली, तेव्हा त्यानं आपला खुणेचा दिला. एकूण चौदा निघाले. पोत्यात भरून आणताना वाटभर एकच विचार, की पकड आता माझ्या हातात राहत नाही.

जळलेली पाती पुन्हा सुधारता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांची नवी चौदा घडवली. पाणी द्यायची वेळ दुपारीच आली. मी जेवायला खोलीवर गेलो नाही. चाचांनी मला भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. "सोताच्या हातावरचं केस दिसाया लागलं की ऊठ," म्हणाले. बराच वेळ बसलो. केस दिसायला लागले.

तो गेम मी अजून काढलेला नाही. चार दिवस डाउनलोड होत होता, काढायला जीव होत नाही. पण उघडतही नाही.

पहिलं पातं निखाऱ्यात घातलं, तेव्हा चाचा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांना रंग दिसत नव्हता, ते मलाच विचारत होते.

"काय?"

"अजून काळपट जी."

"आता?"

"बोर."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतो? बुडव."

असं सहा पात्यांना त्यांनी विचारलं. सातव्याला विचारलं नाही. कपाळाचा घाम पुसला, "मी दोन घास खाऊन येतो" म्हणाले, आणि जाताना दार बाहेरून नीट ओढून घेतलं, उजेड आत येऊ नये म्हणून.