तोआ पायोहमध्ये बिनविरोध

सिंगापूरमध्ये निवडणूक जाहीर झाली तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझी परीक्षा तोंडावर आली होती. मला मत नव्हतं; इथे एकवीस पूर्ण लागतात, माझं वय बसत नव्हतं. मत आईला होतं, आयुष्यात पहिल्यांदाच या देशातलं.

आम्ही मूळचे उरणचे. बाबा जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून इथे आले, मग आई आणि मी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. काही वर्षांपूर्वी नागरिकत्व घ्यायची वेळ आली तेव्हा आई भारताचा पासपोर्ट सोडायला तयार नव्हती. फ्लॅट, माझी फी, बाबांची नोकरी, सगळं समजावून झालं. तिचं एकच म्हणणं, "तिकडे मला मत आहे." शेवटी बाबा म्हणाले, "अगं, इथेही मिळेल की. इथे तर मत देणं सक्तीचं आहे." या एका वाक्यावर तिने सही केली, असं मला अजूनही वाटतं.

म्हणून निवडणूक जाहीर होताच ती तयारीला लागली. इथे मशीन नाही, कागदावर पेनाने फुली मारायची असते, हे मी तिला सांगितलं.

"फुली? म्हणजे जो नको त्याच्यावर?"

"नाही गं, जो हवा त्याच्यावर."

"काहीतरीच. शाळेत फुली म्हणजे चूक." पण वर्तमानपत्राच्या कडेला तिने दोन-चार फुल्या मारून पाहिल्या. कोण उभं राहणार, ते काय म्हणतात, हे मी तिला इंग्रजीतून मराठीत सांगत असे. आमचा तोआ पायोहचा मतदारसंघ मोठा होता. एकेकटा उमेदवार नाही, पाच जणांचा गट एकत्र उभा राहतो आणि एकत्रच निवडून येतो. विरोधकांचाही एक गट येणार, अशी आमच्या ब्लॉकमध्ये बोलवा होती. आई विचारायची, "येणार ना नक्की?" मी म्हणायचे, "येतील गं." मला तरी कुठे माहीत होतं! पण मी शिकलेली, तेव्हा मला माहीत असणारच असं ती धरून चालायची.

अर्ज भरायचा दिवस आला. दुपारी टीव्हीवर एकेका मतदारसंघाचं नाव येत होतं. आमचं आलं. समोर कुणीच अर्ज भरला नव्हता. पाचही जण मतदानाआधीच निवडून आले.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "म्हणजे मतदान कधी?"

"आपल्याकडे नाही," मी म्हटलं. "बिनविरोध झालं."

"नाही म्हणजे?"

बाबा म्हणाले, "समोरची टीम मैदानात आलीच नाही, तर हे जिंकले. साधी गोष्ट आहे."

"आणि तिकीट काढून बसलेल्यांनी काय करायचं?"

"घरी जायचं. सुट्टी आहे त्या दिवशी, झोप."

"अहो, गावात काय बिनविरोध होत नाही का? होतं की. पण आधी देवळात बैठक बसते. सगळ्यांना बोलावतात. माझ्या काकीने तर सरपंचाच्या तोंडावर सांगितलं होतं, विहिरीचं काम आधी, मग तुझं बिनविरोध. भांडतात, रुसतात, मग एकाच्या हातात मानाचा नारळ देतात. इथे मला कुणी बोलावलं? तुम्हाला बोलावलं?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी पुस्तक उघडलं, पण डोक्यात काही शिरेना. युनिव्हर्सिटीत आम्ही प्रतिनिधित्वावर निबंध लिहायचो आणि मला बरे गुण मिळायचे. आईच्या प्रश्नाला त्यातलं एक वाक्यही उपयोगी पडत नव्हतं. राग नेमका कुणावर काढायचा, तेही कळत नव्हतं. कुणी काही नियमाबाहेर केलं नव्हतं.

संध्याकाळी बुकित पंजांगला राहणाऱ्या काकूंचा फोन आला. गणपतीत ओळख झालेल्या. त्यांचे मिस्टर रॅफल्स प्लेसला बँकेत. त्यांचा मतदारसंघ छोटा, एकाच जागेचा, आणि तिथे दोन उमेदवार उभे होते.

"तुमचं बरंय हो," काकू म्हणाल्या. "आम्हाला सुट्टीच्या दिवशी उन्हात रांगेत उभं राहायचंय. आमचे हे आत्तापासूनच कुरकुरतायत."

"मग ताई, अदलाबदल करू या," आई म्हणाली. "तुम्ही झोपा, मी उभी राहते."

काकू खळखळून हसल्या. आई हसली नाही.

दोन-तीन दिवसांनी आम्ही सकाळी बाजारात गेलो. आई बांगडे निवडत होती, तेवढ्यात गलका झाला. निवडून आलेल्यांपैकी एक जण लोकांचे आभार मानत गाळ्यांमधून येत होते, बरोबर पाच-सहा कार्यकर्ते. मासेवाल्या चिनी आजींनी हात ॲप्रनला पुसून मिळवला. आईनेही ओला हात पुढे केला. ते हसले, "थँक यू, आंटी," म्हणाले आणि पुढच्या गाळ्याकडे वळले.

"यांना सांग," आई मला म्हणाली, "मला मत द्यायचं होतं."

सगळ्यांसमोर बोलायची मला सवय नाही. तरी मागून येणाऱ्या कार्यकर्त्याला मी इंग्रजीत सांगितलं, जरा अडखळत, की माझ्या आईला मतदान करायचं होतं. तो माझ्याएवढाच असेल. त्याने मान डोलावली. "आईंना सांगा, त्यांच्या पाठिंब्याबद्दल आम्ही आभारी आहोत."

"नाही, पाठिंबा नाही. तिला मत द्यायचं होतं. कुणालाही."

तो गोंधळला. मग हसून इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाला, "नेक्स्ट टाइम, लाह," आणि गटाला गाठायला पळाला.

"काय म्हणाला?"

"आभार मानले."

"कसले? मी काय दिलं त्यांना?"

मासेवाल्या आजींना मराठी येत नाही, पण काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं असावं. बांगडे साफ करता करता त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी पण मत नाही दिलं कधी. इथेच राहते, तिशीपासून. एव्हरी टाइम सेम, लाह." तक्रार नव्हती त्यात. भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

मी आईला ते मराठीत सांगितलं. ती आजींच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. पिशवी घेतली, पैसे दिले. बाजाराच्या बाहेर आल्यावर तिने विचारलं, "पुढच्या वेळी तर तुलाही मत असेल, नाही?"

"असेल. चार-पाच वर्षांनी. समोर कुणी उभं राहिलं तर."

"राहील ना?"

या वेळी मी "येतील गं" म्हटलं नाही. माहीत नाही, असं म्हटलं. तिने बांगड्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही घराकडे वळलो.