राजांचा कडक उपास

आमच्या कुत्र्याला खाज सुटली आणि गंगापूर रोडवर किती वैद्य राहतात ते मला कळलं. सकाळी त्याला फिरायला नेलं की फाटकापासूनच दवाखाना सुरू. एक काका म्हणाले, करंजाचं तेल चोपडा. एक काकू म्हणाल्या, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला. तिसऱ्यांनी स्वतःच्या गजकर्णाची अर्धी ट्यूब मोठ्या मनाने देऊ केली. एका बाईंनी तर लांबूनच निदान केलं, दृष्ट लागली आहे म्हणून. दृष्ट लागावी असं त्याच्यात उरलं काय होतं? पोटावरचे केस गेलेले, पंजे चाटून चाटून लालभडक, कानांमागे खपल्या.

बाबांचा त्याच्यावर भारी जीव. नोकरीत साहेबालाही कधी गोड न बोललेले बाबा कुत्र्याला मात्र "राजे, या" म्हणतात. आईचं तसं नाही. घरभर पडलेले केस झाडता झाडता तिने निकाल देऊन टाकला. "गणपती यायच्या आत याचं खाजवणं थांबलं नाही, तर हरसूलला मामाच्या मळ्यावर पाठवायचा. पाहुण्यांच्या ताटात केस नकोत मला." आई बोलते ते करते. बाबांची स्कूटर याच न्यायाने एके सकाळी भंगारात गेली होती.

मग बाबा आणि मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी पिसवा पाहिल्या, गोचिडं पाहिली, कातडी खरवडून काचेखाली धरली आणि म्हणाल्या, "अंगावर काही नाही. खाण्यातली अ‍ॅलर्जी दिसतेय. आता दोन महिने फक्त मासे आणि उकडलेलं रताळं. दुसरा कणसुद्धा नाही, तरच कळेल."

रताळं ऐकून बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे उपासच की!"

"हो काका, अगदी कडक उपास समजा," बाई हसून म्हणाल्या. त्या नक्कीच उपास न करणाऱ्या घरातल्या असणार.

ऐन चातुर्मासात मासे स्वयंपाकघरात शिजणं शक्यच नव्हतं. मी गॅलरीत शेगडी मांडली. आई नाकाला पदर लावून दार लोटून घ्यायची आणि देवापुढे जास्तीची उदबत्ती लावायची. एवढा थाट करूनही राजे खाजवतच होते. महिना उलटला तरी फरक शून्य. मी डॉक्टरांवर संशय घेतला, मासेवाल्यावर घेतला, फरशी पुसायच्या फिनेलवर घेतला. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर आई फोनवर मामाला विचारत होती, मळ्यावर त्याला बांधायला जागा आहे ना. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

त्यानंतरच्या श्रावणी सोमवारी मी घरी होते. आमच्याकडचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. बाबा तर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काहीच सोडत नाहीत. ताटात साबुदाण्याची खिचडी, वाटीभर दही, वर पेढा. आणि शेजारी खाली एक छोटी ताटली. तिच्यात खिचडी, दही आणि अर्धा पेढा.

"बाबा, हे काय?"

"का? पोळीचा कण दिला नाही मी त्याला. बिस्किट नाही, काही नाही. आणि खिचडीतली मिरचीसुद्धा काढलीय."

"दही?"

"उपासाला चालतं."

"उपासाला चालतं, बाबा. त्याला नाही चालत!"

बाबांना ते पटेना. मग मी त्यांच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करा. आणि काकांना सांगा, दूध, दही, पेढा सगळं बंद. मला तर दुधाचाच संशय येतोय." बाबांनी ताटली उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली. एवढा चेहरा पडलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. राग माझाही गेला.

पुढच्या सोमवारी आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. राजे येऊन नेहमीच्या जागी बसले आणि वर बघू लागले. बाबांनी दह्यात बोट बुडवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. "याला दाखवून मला घास उतरायचा नाही. मलापण रताळंच द्या." चहासुद्धा कोरा घेतला. इतकी वर्षं उपास करणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा उपास घडला. पुढे प्रत्येक उपासाला तेच चाललं.

गणपती आले तेव्हा राजांच्या पोटावर मऊ लव उगवली होती आणि पंजे कोरडे होते. पाहुणे उकडीच्या मोदकांवर तुटून पडले होते, बाबांचा मात्र गुरुवार होता. मी भीत भीत स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारलं, "मग हरसूलचं काय ठरलं?"

आई कुकरचं झाकण काढत होती. आत दोन रताळी होती, एक मोठं, एक लहान. तिने दोन्ही सोलून दोन ताटल्यांत ठेवली.

"मामाला फोन केला होता," ती म्हणाली. "तिथे याला रताळी कोण उकडून घालणार?"