सुभेदारांची आठची सभा

सुभेदार मनगट उलटं करून घड्याळ बघायचे. तबकडी आतल्या बाजूला, फौजेतली सवय. मग म्हणायचे, "टाइम म्हंजे टाइम, बाबू." बाबू म्हणजे मी, ग्रामपंचायतीचा लिपिक. फौजेतून सुभेदार होऊन ते मोहाडीजवळच्या आमच्या गावी परतले आणि लोकांनी त्यांना बिनविरोध सरपंच करून टाकलं. भोगलं मात्र मी! त्यांच्यापुढे पंचायतीच्या खुर्च्यासुद्धा सावधान उभ्या असायच्या हो.

तुम्हालाही असा माणूस भेटला असेल. आधी राग येतो, मग त्याच्यावाचून करमत नाही.

त्या साली पावसानं शेवटी दगा दिला. धान लोंबीवर, तळ्यात पाणी थोडं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं हे ठरवायला सुभेदारांनी सकाळी आठला सभा लावली. आठच्या ठोक्याला म्हणाले, "दार लाव." मी लावलं. रिवाजाप्रमाणे ठरलं, तळ्याजवळच्या बांध्या आधी. पहिलीच बांधी सुभेदारांची.

दार उघडलं तर पायरीवर मावशी, सारं गाव तिला तसंच म्हणायचं. एकहाती घर चालवणारी बाई, तळ्यापासून शेवटच्या टोकाच्या एकाच बांधीच्या धानावर तिचं वर्ष. अंथरुणावरच्या सासूचं आटोपून यायला दहा मिनिटं उशीर झाला होता.

"मले बोलू तरी द्याचं होतं, साहेब," ती म्हणाली. "माह्या बांधीत आता काय पाणी येते?"

सुभेदार मला म्हणाले, "उद्या पुन्हा सभा लाव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. दार लागू नये म्हणून त्यांनी स्वतः वीट लावून ठेवली. आठ वाजले, साडेआठ झाले. मावशीचा पत्ता नाही. मी चुळबुळत म्हटलं, "साहेब, टाइम?"

"चूप बस. कायले घाई करून राहिला? तिले येऊ दे."

ती पावणेनऊला आली. तेव्हा ते उठून उभे राहिले. "माही पहिली पाळी मावशीले. मी शेवटी."

"काहून?" कोणीतरी विचारलं.

"दार मी लावाले सांगतलं. चूक माही, तं नुकसान बी माहंच."

मावशीचं धान भरलं. सुभेदारांची पाळी येईपर्यंत तळं आटलं होतं, त्यांच्या लोंब्या पोचट निघाल्या. त्यावर ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. वीट मात्र प्रत्येक सभेला दारात असायची.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी आठला अंत्ययात्रा निघायची होती. मी साडेसातला पोचलो, तर मावशी आधीच त्यांच्या अंगणात बसलेली.

"मावशी, आज इतक्या लवकर?"

"त्यायनं माही वाट पाहली होती, बाबू. आज त्यायले ताटकळत ठेवू काय?"

त्यांच्याकडूनच लागलेल्या सवयीनं मी मनगट उलटं केलं. डोळे इतके भरले होते की किती वाजले ते दिसेना.