कुलर, चाकूमासा आणि बाबांची चुटकी

अकोल्याच्या उन्हाळ्यात कॉलेजातून घरी आलं की मला बोलवतही नसे. त्यात त्या वर्षी घरात दोन पाहुणे आले. एक अमरावतीहून बाबा आणि दुसरा आमच्या प्रयोगशाळेतला काळा चाकूमासा. प्रयोगशाळेची डागडुजी निघाली, त्याची टाकी ठेवायला जागा उरली नाही, आणि प्राणिशास्त्र शिकवणारी मीच. म्हणजे आलं माझ्याच गळ्यात.

बाबांची नजर काचबिंदूनं गेली त्याला बरीच वर्षं झाली. तरी अमरावतीच्या घरात ते एकटे बिनधास्त फिरायचे. चालताना चुटक्या वाजवायचे. भिंतीवरून आवाज वेगळा येतो, उघड्या दारातून वेगळा, असं त्यांचं म्हणणं. मी हसायची. इथं आले आणि चुटकी बंद झाली. दिवसभर खाटेवर बसून. बाथरूमपर्यंत मीच हात धरून न्यायची आणि दार नुसतं लोटून बाहेर उभी राहायची, कडी लावायची नाही असा माझाच हुकूम. जन्मभर वकिली केलेला माणूस मान खाली घालून बाहेर यायचा. मी थकले होते, खरं सांगते, चिडलेही होते. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मोकळी झाले होते.

त्यांना ऊन बाधू नये म्हणून खाटेच्या उशाशीच मोठा कुलर लावला होता. सकाळी चहाबरोबर सुरू, तो रात्रीपर्यंत. आमच्याकडे पाहुण्यावरची माया कुलरच्या वाऱ्यानंच मोजतात.

तिकडे माशाचंही बिनसलं. हा मासा डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. अंगाभोवती बारीकशी वीज पसरवून ठेवतो, आपल्या हाताला कळणारही नाही इतकी. जवळ दगड आला, अळी आली, की त्या विजेत फरक पडतो आणि तो त्याच्या कातडीला समजतो. अंधारातही हा पठ्ठ्या शेपटीकडून उलटा पोहत, कुठं न घासता टाकीतल्या आपल्या नळीत शिरायचा. आमच्या घरी मात्र नळीला धडका द्यायला लागला. तोंडापुढची अळी त्याला सापडेना.

नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, मलूल दिसला म्हणून मूठभर खडेमीठ टाकलं. आधीच आमचं बोअरचं पाणी खारपाण पट्ट्यातलं, त्यात ही मूठ! खाऱ्या पाण्यात त्याची वीज अंगालगतच विरून जाते, मग चार बोटांवरचंही त्याला कळणार कसं? मी कपाळावर हात मारला. कॅनचं गोडं पाणी आणून थोडं थोडं बदलत गेले. एका दुपारी बघते तर स्वारी पुन्हा उलटी नळीत.

त्याच दुपारी लाईन गेली. कुलर थांबला. मी वहीनं वारा घेत वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत बसले होते, तेवढ्यात चुटकी वाजली. बाबा उठले होते. एक चुटकी, जरा थांबून दुसरी, टेबलाला वळसा. मी हात द्यायला उठले ती तिथंच थांबले. ते दारापाशी पोचतात न पोचतात तोच लाईन आली. कुलर गरजला आणि बाबा हात पुढे करून जागीच थिजले.

"कुलर चालू असला की मले भिंत दिसत नाही वं," ते म्हणाले.

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही, बाबा?"

"तू एवढ्या मायेनं लावते. कसं सांगू?"

मी जाऊन कुलर बंद केला. दोघांनाही घामाच्या धारा लागल्या. चुटकी वाजवत बाबा एकटेच बाथरूमकडे गेले. मी खुर्चीतच बसून राहिले. दार लागलं, आणि मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.