मायची उलटी अक्षरं

आमच्या मायला वाचता येतं, हे मला माझ्या बावन्नाव्या वर्षी कळलं. स्वतःला फार हुशार समजायची मला जन्मजात खोड आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

वडील गेल्यावर माय माझ्याकडे बुऱ्हाणपूरच्या लालबागला राहायला आली. आमच्या ह्यांची कागद कारखान्यातली नोकरी संपली होती आणि आम्ही नुकतंच तिथे घर केलं होतं. एका दुपारी माय खाली बसून मेथी निवडत होती, पुढ्यात पेपर पसरलेला. मी दारातून बघते तर मेथी राहिली बाजूला, आणि बाई पेपरवर बोट फिरवत गालातल्या गालात हसतेय. तिच्या हिशेबाने बोट चाललं होतं उजवीकडून डावीकडे, खालून वर. पेपर माझ्या बाजूने सुलटा होता, म्हणजे तिच्या बाजूने उलटा.

"माय! तू वाचतेस?"

"ओरडू नको व," ती म्हणाली. "जावई ऐकतील."

मग मेथी बाजूला सारून मी तिच्यासमोर बैठकच मारली आणि सगळं काढून घेतलं. तापीकाठच्या तिच्या गावात घरोघरी केळी आणि कपाशी, पुस्तकं मात्र तिच्या घरात एकाचीच, माझ्या मामाची. मामा तिच्याहून तीन वर्षांनी मोठे. संध्याकाळी ते कंदिलाशी बसून मोठ्याने वाचायचे आणि समोर बसून माय शेंगा फोडायची. तिला अक्षरं उलटी दिसायची आणि ती तशीच तिच्या डोक्यात बसली. अक्षरं असतातच अशी, असं तिला वाटे.

सहाव्या वर्षी तिला शाळेत घातलं. एका खोलीत चार वर्ग, मामा तिथेच तिसरी-चौथीच्या रांगेत. मास्तरांनी हातात पुस्तक दिलं, तर हिने ते गर्रकन फिरवून उलटं धरलं. सगळी खोली हसली. मास्तरांनी सरळ करून दिलं, हिने पुन्हा फिरवलं. पुन्हा हशा. संध्याकाळी घरी निरोप आला, पोरीला उलटं-सुलटं समजत नाही, कशाला पाठवता. माझ्या आजोबांना निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी माय मळ्यात गेली ती गेलीच. तिची शाळा एका दिवसाची.

"मग हे एवढं वाचायला कुठे शिकलीस?"

"तिथेच. भाऊसमोर. भाऊ मॅट्रिक होईस्तोवर बसले मी. त्याला वाटे, मी उजेडाला बसते."

मला असा राग आला म्हणून सांगू! मास्तरांचा, आजोबांचा, आणि सगळ्यात जास्त हिचा. जन्मभर बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात या बाईने अंगठा लावला. लिहायला कधी शिकली नाही हे खरं, पण वाचायला तर येत होतं! सुलटं वाचायचा प्रयत्नही करून झाला होता म्हणे. एकेक अक्षर ओळखू येई, पण त्याचा शब्द होत नसे.

"मग उलटं धरून वाच ना चारचौघांत," मी म्हटलं. "कोणाच्या बापाचं काय जातंय?"

"हसतात व," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पुन्हा मांडीवर घेतली. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडचे ते दोन शब्द ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. हे कोणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आणि मी ती पाळली. ह्यांनाही बोलले नाही.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. गावातल्या कितीतरी लग्नांत मायने स्वतः जुळवलेली मंगलाष्टकं म्हटली होती, सगळी तोंडपाठ. मुलीने तिच्या गळ्यात हात टाकून जाहीर केलं, "आजी, माझ्या शादीत तूच म्हणायचं. फायनल. नाहीतर मी मंडपातच नाही येणार." आजी खूश. कणीक मळता मळता आठ दिवसांत तिने चार कडवी जुळवली, मी लॅपटॉपवर टाइप केली. पण आता वय झालेलं. दुसरं कडवं म्हणता म्हणता ती तिसऱ्यात शिरे, चौथं गायबच. चार दिवस घोकलं, पाचव्या दिवशी रडकुंडीला आली.

"मग वाचून म्हण," मी म्हटलं.

तिने दाराकडे बघून घेतलं, कोणी ऐकत नाही ना. मग हळूच म्हणाली, "लई इच्छा होती माझी, एकदा लोकांपुढे वाचायची. पण नातीच्या लग्नात हसं नको व. आणि मंगलाष्टकांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गणपती असतो. त्याला खाली डोकं वर पाय धरू का मी?"

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. गणपती सुलटा आणि आतली अक्षरं उलटी, असं पुस्तक केलं तर? समोरच्यांना वरचा गणपतीच दिसणार. आत काय आहे ते फक्त मायला दिसेल आणि हसायला कोणी उरणार नाही.

आता हे म्हणायला सोपं आहे. मी लिहिते ते इंटरनेटवरच्या फाईलमध्ये. त्यात अक्षरं जाड होतात, तिरकी होतात, लाल-पिवळी होतात, पण उलटी करायचं बटण कुठे सापडेना. मग एक वेबसाइट मिळाली, अक्षरं टाका, उलटी करून देतो म्हणणारी. इंग्रजी टाकलं तर पटापट कोलांट्या. मराठी टाकलं तर अक्षरं जागची हलेनात. मी त्या लॅपटॉपला इतक्या शिव्या घातल्या की माय म्हणाली, "त्या डब्याचा काय दोष?" शेवटी तिने स्वतःच लॅपटॉप उचलून उलटा धरला आणि पडद्यावर मजेत वाचायला लागली. कीबोर्ड छताला लटकल्यासारखा वर. आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

तीन दुपारी गेल्या तेव्हा युक्ती सापडली. फाईलमध्येच चित्र काढायची एक खिडकी उघडते. तिच्यात एक चौकट घ्यायची, मजकूर त्या चौकटीत टाकायचा. चौकटीच्या डोक्यावर एक ठिपका असतो, तो धरून अर्धा गोल फिरवला की आख्खं कडवं शीर्षासन करतं. काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या जागच्या जागी! मी टाळ्या वाजवल्या. घरच्या साध्या कागदावर नमुना काढून मायच्या हातात दिला, तर बाईसाहेबांनी चूक काढली.

"पहिलं कडवं उजव्या पानावर पाहिजे. मी तिकडून वाचते ना."

बरोबरच होतं तिचं. मी पानांची अदलाबदल केली. मग ती पाटावर ताठ बसली, नमुना समोर धरला आणि चारही कडवी एका दमात वाचली. कुठे अडखळली नाही. तिचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. मला मेलीला बघवेना, मी उगीच चहा टाकायला उठले.

जाड, चकचकीत कागदावर छापायला फाईल शनवारा भागातल्या एका छपाईच्या दुकानात दिली. दुकानदार वयस्कर, कामाला चोख. लग्नाच्या आदल्या दिवशी ह्यांनी पुस्तक आणलं, प्लास्टिकच्या पाकिटात बंद. वर सोनेरी गणपती. इतका सुरेख की माय म्हणाली, "आता मंडपातच उघडू, हाताचे डाग पडतील." घरात पाहुणे, हळद, आचारी, मी होकार दिला. हीच माझी अक्कल.

लग्न बुधवारा भागातल्या कार्यालयात होतं. मला भाऊ नाही, म्हणून मुलीच्या पाठीशी मामा म्हणून माझे मामाच उभे होते, पंचाहत्तरीचे, नवा फेटा बांधून. अंतरपाट धरला. गुरुजींची मंगलाष्टकं झाली आणि त्यांनी माईक पुढे केला, "आता मुलीच्या आजी." माय पाकिटातून पुस्तक काढत पुढे झाली. तेवढ्यात हे माझ्या कानाशी वाकले.

"अगं, सांगायचं राहिलं. तू आतला मजकूर पूर्ण उलटा दिला होतास! तो दुकानदार म्हणाला, भैया, अंदर सब उल्टा था, मैंने सीधा कर दिया. वाचलो बघ. मी त्याचे आभार मानले."

ह्यांचा काय दोष? त्या दुकानदाराचा तरी काय? कोणीही शहाणा माणूस हेच करेल. पण तिकडे मायने पुस्तक उघडलं होतं आणि तिला कळलं होतं. ती पानाकडे नुसती बघत राहिली. मुंडावळ्यांतून माझी मुलगी तिच्याकडे बघत होती. गुरुजींनी माईक आणखी जवळ केला. मी मनात म्हटलं, माय, चष्मा विसरला म्हण, काहीही म्हण, मिटव ते.

तिने पुस्तक मिटलं. कपाळाला लावलं. "माफ कर बाबा," असं गणपतीला म्हणाली, ते माईकमध्ये ऐकू आलं. मग सगळ्यांच्या देखत पुस्तक फिरवलं, गणपती खाली डोकं वर पाय, आणि उघडलं.

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. एका बाईने "अगं बाई!" केलं. गुरुजींनी चांगल्या मनाने हात पुढे केला, "आजी, उलटं धरलंय."

"राहू द्या गुरुजी," माय म्हणाली. पुस्तक तिने घट्ट धरलं होतं. "मला असंच वाचता येतं. मी अशीच शिकले."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. पहिलं कडवं कसंबसं, दुसरं बरं, आणि तिसऱ्यात "जाशी तू परक्या घरी, पण मुली, येथे तुझी सावली" या ओळीला तिचा आवाज असा लागला की मंडपात चिटपाखरूही हललं नाही. चौथं कडवं संपलं, सावधान झालं, अक्षता पडल्या, ताशा वाजला. मी ढसाढसा रडत होते आणि मुलगी सासरी चालली म्हणून रडतेय असं समजून बायका माझी समजूत काढत होत्या.

पंगतीत मी मायला वाढत होते, तेव्हा मामा आले आणि तिच्याशेजारच्या पाटावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी शाळेत सगळ्यात आधी मी हसलो होतो."

"ठाऊक आहे," माय म्हणाली. "तुझं हसू मला ओळखू येणार नाही का?"

"मग एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस? भांडायचं होतंस. मारायचं होतंस मला."

मायने घास खाली ठेवला. "भांडले असते," ती म्हणाली, "तर संध्याकाळी तू मला तुझ्या पुस्तकासमोर बसू दिलं असतंस का?"

माय पुढच्या क्षणी जेवायला लागली, आणि मग डाव्या हाताने तिने त्यांचं रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं. "भाऊला वाढ," म्हणाली. "सकाळपासून उपाशी उभा आहे तो."